बागवान मॅडमचा आवाज

बागवान मॅडमचा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गातले सर उठून आपलं दार लावून घ्यायचे. मॅडम ओरडत नसत. त्यांचा आवाजच तसा होता. खर्जातला, रुंद, शेवटच्या बाकापर्यंत न दमता पोचणारा. सोलापुरातल्या हौशी नाटकांत त्यांनी वर्षानुवर्षं कामं केली होती आणि सभागृहातला माईक बंद पडला की आयोजक म्हणत, आधी बागवान बाईंचा प्रवेश घ्या, तोवर दुरुस्त करू.

आमच्या कॉलेजात त्या मराठी शिकवायच्या. रेहाना बागवान, मराठी विभाग. ही ओळख ऐकून नवा माणूस क्षणभर थांबायचा आणि मग हमखास म्हणायचा, "मॅडम, तुमची मराठी किती छान आहे हो."

मॅडम तितक्याच प्रेमाने म्हणायच्या, "तुमचीही छान आहे."

कुणी त्यावर हसायचं, कुणी ओशाळायचं. बहुतेकांच्या ते लक्षातच यायचं नाही. मॅडमचं काही अडत नसे. पुढच्या माणसाला त्या पुन्हा तितक्याच प्रेमाने तेच उत्तर द्यायच्या.

मी माळशिरस तालुक्यातल्या एका वाडीतून आलेली. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. आज करमाळ्याजवळच्या एका शाळेत मी मराठी शिकवते, ती मॅडममुळे. हे एकदा इथेच लिहून टाकते, म्हणजे पुढे माझं मध्ये मध्ये येणं नको.

त्यांना मुलांची नावं उशिरा लक्षात राहत, गावं मात्र पहिल्या दिवशी. त्यामुळे वर्गात हाका अशा यायच्या: "ए करमाळा, ती खिडकी लाव." "माळशिरस, पुढचा परिच्छेद वाच." शहरातली मुलं त्यांच्या पेठेच्या नावाने ओळखली जायची. माझी मैत्रीण अंबिका ही 'साखर पेठ'. घरी तेलुगू बोलणारी, वडील मागावर चादरी विणायचे. तिला कुणी बाहेरची समजलं की मॅडम सांगायच्या, "हिचे पणजोबा इथं आले तेव्हा आपण सगळे बसलोय ती इमारत नव्हती."

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी हजेरी घेताना वसतिगृहात माझ्या खोलीत राहणाऱ्या एका मुलीबद्दल विचारलं. मी उभी राहून सांगितलं, "ती आजारी हाय मॅडम. आज येणार न्हाय."

वर्ग हसला. फार नाही, पण मला पुरेल इतका.

मॅडमनी हजेरी बंद केली आणि पहिल्या बाकावर हसलेल्या एका मुलाला उभं केलं.

"तुझी आजी कशी बोलते रे?"

"अशीच बोलते मॅडम."

"तिला हसतोस?"

"नाही."

"मग हिला का हसलास?"

मुलगा सरळ होता. थोडा विचार करून म्हणाला, "मॅडम, ते सिरीयलमधल्या कामवालीसारखं वाटलं."

मॅडम वर्गात कधी खुर्चीवर बसत नसत. त्या दिवशी बसल्या. म्हणाल्या, "खरं बोललास, बस. म्हणजे ह्या पोरीनं नुसतं तोंड उघडलं आणि तुम्ही सगळ्यांनी तिच्या हातात झाडू दिलात. आणि तो झाडू तुमच्या घरचा नव्हे. टीव्हीनं आणून दिलेला."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माळशिरस, परीक्षेत परीक्षेची मराठी लिही. मला सांगताना घरची सांग. दोन्ही तुझ्याच आहेत. त्यातली एक दुसरीची मोलकरीण नाही."

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी दोन्ही बोलत आले.

मॅडमचं घर विजापूर वेशीत होतं. रविवारी सकाळी आमच्या नाटकाच्या तालमी त्यांच्या पुढच्या खोलीत चालत. खोलीत एक टीव्ही, पुस्तकांची दोन कपाटं आणि खिडकीला लागून दिवाण. दिवाणावर मॅडमच्या अम्मी. अम्मींचा एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसऱ्याला फक्त उजेड-अंधार कळायचा. टीव्ही त्या कानांनी बघायच्या. सगळ्या मालिकांमधली सगळी माणसं त्यांना आवाजावरून ठाऊक. नवी बाई आली की दोन वाक्यांत निकाल द्यायच्या, "इसपे भरोसा नक्को. आवाज में शक्कर जास्ती है." आणि महिन्याभरात ती बाई खरोखरच कुणाच्या तरी दुधात काहीतरी मिसळताना सापडायची.

मॅडमनी लग्न केलं नव्हतं. घरात माय-लेकीच. धाकटी बहीण पलीकडच्या गल्लीत, बँकेत नोकरीला. अम्मींनी मॅडमचं एकही नाटक पाहिलं नव्हतं. मॅडम तरुण असताना वडील असेतोवर घरातल्या बायकांनी नाट्यगृहात जायची पद्धत नव्हती. मॅडम स्वतः तालमीला जायच्या त्याही शिकवणीच्या नावाखाली. पुढे अडवणारं कुणी उरलं नाही, तोवर अम्मींची नजर गेली आणि गुडघेही गेले. "नाट्यगृहाला किती पायऱ्या आहेत माहितीये ना," एवढंच मॅडम म्हणायच्या. एकदा मात्र चहा गाळता गाळता त्या सहज बोलून गेल्या, "एकदा टीव्हीवर काम मिळायला पाहिजे मला. अम्मीच्या ह्या डब्यातनं माझा आवाज यायला पाहिजे. तिला सगळ्यांचे आवाज पाठ आहेत, माझाच तेवढा नाटकातला माहीत नाही."

हे त्या आमच्याशी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. पण आमच्या ते मनात राहिलं.

तालीम संपली की मॅडम आम्हाला आदल्या दिवशीच्या मालिकेचा भाग बघायला बसवायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या: सोफ्यावर कोण बसलं?

आम्हाला आधी गंमत वाटली. मग बघू लागलो तसं गमतीतून काहीतरी टोचायला लागलं. स्वयंपाक करणारी मावशी वर्षभर त्या घरात आहे, पण बसलेली नाही. ड्रायव्हर नाही. दुधवाला नाही. शेजारची मुसलमान बाई ईदेला वाडगा घेऊन येते, उभ्यानेच डोळे पुसते, दुवा देते, जाते.

"तिचं आडनाव काय?" मॅडम विचारायच्या.

कुणालाच माहीत नसायचं.

"ती करते काय? तिचा नवरा? तिला लाईटबिल येतं की नाही?"

अंबिका म्हणाली, "मॅडम, तुमचे वाडगा घेऊन तरी येतात. आमचे तर दारातपण येत नाहीत."

"येतात की. 'अय्यो' म्हणायला येतात."

"मी म्हणते की घरात अय्यो," अंबिका म्हणाली. "माझी आई पण म्हणते. पण आमी त्याच्यापुढं अजून लई काय काय बोलतो."

"हेच," मॅडम म्हणाल्या. "अय्यो खरं आहे. पुढचं सगळं कापलं, हे खोटं आहे."

अम्मींना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. "तुमारे सोफे की गिनती में मेरी सिरीयल निकलके जारी," त्या दिवाणावरून म्हणायच्या. "और सोफे पे बैठके कौनसा सुख मिला उनको? सब रोतेच बैठे हैं."

अम्मींशी वाद घालताना मॅडम नेहमी हरत आणि हरल्या की उठून चहा टाकत.

आम्ही शेवटच्या वर्षाला असताना एका वृत्तवाहिनीचा मुलगा कॅमेरा घेऊन कॉलेजात आला. कुठल्याशा निर्णयावर मुस्लिम महिलांच्या प्रतिक्रिया हव्या होत्या. प्राचार्यांनी त्याला मॅडमकडे पाठवलं. मॅडम फिक्या पिवळ्या सुती साडीत, हाताला खडू. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा कॅमेऱ्याकडे.

"मॅडम, एक विनंती होती. डोक्यावरनं जरा काही घेता का?"

"ऊन लागेल असं वाटतं का तुम्हाला?"

"तसं नाही. म्हणजे बघणाऱ्याला कळायला पाहिजे ना."

"काय कळायला पाहिजे?"

तो चाचरला. "की तुम्ही, म्हणजे, त्या समाजाच्या आहात."

"खाली पट्टीवर नाव लिहिता ना तुम्ही? रेहाना बागवान लिहिलं की कळतं. नाही कळलं तर त्या माणसाला माझी प्रतिक्रियाही कळणार नाही."

मुलगा खरोखरच अडचणीत होता. त्याला वरून तसंच सांगितलेलं असणार. मॅडमचा सूर मऊ झाला. "हे बघ, माझी बहीण बुरखा घालते. तुला हवं ते चित्र तिच्याकडे मिळेल. पण ती बँकेत आहे. ती तुझ्याशी कर्जाच्या हप्त्यांवर बोलेल, आणि हप्त्यांवर बोलताना तिला कुणी थांबवू शकत नाही, मीसुद्धा. चालेल?"

ते त्याला चालणार नव्हतं. तो गेला. संध्याकाळी त्या वाहिनीवर दुसऱ्याच कुणा बाई होत्या. बुरख्यातल्या. मागे मशिदीचं चित्र. बाई चांगलं बोलत होत्या, पण त्यांचं वाक्य मध्येच तोडलं होतं. मॅडमनी बहिणीला फोन करून विचारलं, ह्या बाई कोण ग? बहीण त्यांना ओळखत होती. त्या शाळेत गणित शिकवायच्या. पट्टीवर फक्त 'मुस्लिम महिला' असं लिहिलं होतं.

"नाव पण काढून घेतलं," मॅडम म्हणाल्या. तशा रागात मी त्यांना फार कमी वेळा पाहिलं.

मी नोकरीला लागले, अंबिका सोलापुरातच नाटकं करत राहिली. मॅडम निवृत्तीला आल्या. आणि त्या वर्षी एका मराठी मालिकेच्या लोकांनी सोलापुरात काही दिवसांचं चित्रीकरण ठरवलं. गोष्ट विणकरांच्या वस्तीतली होती. सासरहून हाकललेली नायिका काही दिवस एका चाळीत राहते, आणि तिच्या शेजारी एक चाची राहते. चाचीसाठी त्यांना स्थानिक बाई हवी होती. कुणीतरी मॅडमचं नाव दिलं.

दिग्दर्शक तिशीच्या आतलाच होता. ओंकार नाव. शांत, नमस्कार करणारा. अंबिका तेव्हा तिथे होती. पुढचं तिने मला सांगितलं.

त्याने मॅडमच्या हातात चाचीचे संवाद दिले. मॅडमनी ते खड्या आवाजात वाचले: "रो मत बेटा. हमारेकू तुमारा मराठी नय समजता, लेकिन दिल का दर्द समजता. अल्ला पे छोड दे. ले, गरीब के घर का बिर्याणी खा."

वाचून झाल्यावर विचारलं, "ह्या बाईचं आडनाव काय?"

"चाची म्हणतात तिला सगळे."

"ते नातं झालं."

ओंकारने कागद बघितला. "लिहिलेलं नाही मॅडम."

"किती वर्षं राहते ती इथं?"

"जन्मापासून. तसं आहे गोष्टीत."

"मग हिला मराठी का समजत नाही? गिरणीत, बाजारात, रेशनच्या रांगेत ही कशात बोलते? आणि बिर्याणी कशाला? आठवड्याच्या मधल्या वारी कोण करतं बिर्याणी? आमच्याकडे आज आमटी आहे."

ओंकार हसला. म्हणाला, "तुम्ही असता तर काय म्हणाला असता?"

मॅडमनी जागच्या जागी म्हणून दाखवलं. "रडून झालं असेल तर तोंड धू. भाकरी खा. मग ठरवू कुणाशी भांडायचं ते."

ओंकारने ते कागदाच्या कडेला लिहून घेतलं. मग म्हणाला, "हेच घेऊ मॅडम." आणि घेतलं. चित्रीकरणाच्या दिवशी मॅडमनी घरून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेली, नायिकेला स्वतःच्या हाताने वाढली. अंबिका सांगते, ते दृश्य झाल्यावर दिवे धरणाऱ्या माणसानेसुद्धा मान हलवली.

भाग लागायचा त्या दिवशी मी करमाळ्याहून आले. शाळेला सुट्टी होती. गल्लीतल्या बायकापोरांनी मॅडमची पुढची खोली भरली. मागे राहिलेले खिडकीशी उभे. अम्मींना नवी साडी नेसवली होती. त्या दिवाणावर ताठ बसल्या होत्या, कान टीव्हीकडे, आणि कुणी कुजबुजलं तरी "चुप" म्हणत होत्या.

चाळीचं दृश्य आलं. नायिका जिन्यावर रडते आहे. दार उघडलं आणि मॅडम बाहेर आल्या. खोलीत टाळ्या पडल्या. मॅडमनी तोंड उघडलं.

आवाज दुसऱ्याच बाईचा आला.

बारीक, कापरा, रडवा. "रो मत बेटा. अल्ला पे छोड दे." पडद्यावर मॅडमचे ओठ 'तोंड धू' म्हणून मिटले होते तरी तो आवाज चालूच होता. "गरीब के घर का निवाला है." मग ताटलीचं जवळून दृश्य आलं, त्यात बिर्याणी. ताटली धरणाऱ्या हातात हिरव्या बांगड्या आणि मेंदी, तो हात कुणा विशीतल्या मुलीचा होता. मग परत मॅडमचा चेहरा, ठाम, सरळ बघणारा, आणि त्या चेहऱ्यातून रडका आवाज. जाहिराती लागल्या.

एका लहान मुलीने विचारलं, "मॅडमला सर्दी झाली होती का?" तिच्या आईने तिला ओढून गप्प केलं.

अम्मी अजून तशाच ताठ बसल्या होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "रेहाना, तू कब आती?"

मॅडम म्हणाल्या, "येऊन गेले अम्मी."

"झूट. मैं बराबर सुनरी थी. कोई रोती-सी औरत आके गई. तू कहाँ थी?"

मी मॅडमकडे बघायचं टाळलं. आता ह्या आत जातील, असं मला वाटलं. त्या टीव्हीपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि तो बंद करून सगळ्यांना म्हणाल्या, "हाच भाग उद्या दुपारी परत लागतो. सगळ्यांनी या. कुणी चुकवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंबिकाला बोलावून घेतलं. नायिकेची वाक्यं तिला दिली, तिला जिन्यावर आठवणारं सासूचं एक वाक्य मला. आदल्या दिवशीचं ते दृश्य मोबाईलवर पुन्हा पुन्हा लावून त्या स्वतःच्या ओठांकडे बघत बसल्या. कुठे श्वास घेतला, कुठे मान वळवली, कुठे भाकरी मोडायला थांबल्या. नाटकातली बाई ती, तालमीशिवाय कशी उभी राहणार?

दुपारी खोली पुन्हा भरली, आदल्या दिवसापेक्षा जास्त. दृश्य आलं तसा मॅडमनी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला आणि टीव्हीच्या शेजारी उभ्या राहिल्या. अंबिका नायिकेचं रडणं रडली. पडद्यावर दार उघडलं. मॅडम बाहेर आल्या, आणि खोलीतल्या मॅडम बोलल्या.

"रडून झालं असेल तर तोंड धू."

ओठ आणि आवाज बरोबर एकावर एक बसले. खिडकीत उभ्या पोरांनी शिट्टी मारली. "भाकरी खा," मॅडम म्हणाल्या, तेव्हा पडद्यावर बिर्याणी आली आणि सगळी गल्ली हसली. "मग ठरवू," मॅडम थांबल्या, पडद्यावरच्याही थांबल्या, "कुणाशी भांडायचं ते."

टाळ्या संपेचनात. अम्मी हात हवेत धरून सगळ्यांना गप्प करत होत्या. शांत झाल्यावर म्हणाल्या, "हौ. ये है." मग जरा वेळाने, "पर थोडा आहिस्ता बोल ग. टीव्ही में है तू, मैदान में नहीं."

पोरांनी ते सगळं मोबाईलवर घेतलं होतं. दोन-तीन दिवसांत ते सोलापुरातल्या पुष्कळ फोनांमध्ये पोचलं. माझ्या शाळेतल्या शिपाईमामांनी मलाच ते दाखवलं आणि विचारलं, "बाई, ह्या तुमच्या मॅडम व्हय?"

मग ओंकारचा फोन आला. मी पुन्हा सोलापूरला गेले होते, त्या दिवशी मी आणि अंबिका तिथेच होतो. मॅडमनी फोन मोठ्या आवाजावर टाकला. अम्मींना ऐकायचं होतं.

"मॅडम, आधी माफी मागतो. आवाज बदलायचं वरच्यांनी ठरवलं. मला संपादनानंतर कळलं."

"बरं."

"पण चाची लोकांना आवडल्या मॅडम. वरचे म्हणतायत, बरेच भाग वाढवू. कदाचित शेवटपर्यंत. फक्त तो व्हिडिओ तेवढा काढायला सांगा."

"आवाज कुणाचा असेल?"

"भाग नक्की वाढतील मॅडम."

"ओंकार, आवाज कुणाचा?"

"त्यांचं म्हणणं असं आहे मॅडम, की मुसलमान बाई असं मराठी बोलली तर बघणाऱ्यांना ओळखीची वाटत नाही."

"कुठल्या बघणाऱ्यांना? माझ्या गल्लीत सगळे बघतात. त्यांना मी चांगली ओळखीची आहे. ज्यांना नाही, त्यांची ओळख व्हायची म्हणूनच तर मी आले होते ना?"

"मला कळतं मॅडम. खरंच. मी पण लातूरकडचा. घरी आईशी बोलतो तसं मी इथं सेटवर कधी बोललो नाही."

"मग कधी सुरू करणार?"

मग मॅडमच पुढे म्हणाल्या, "तुझ्यावर राग नाही माझा. पण त्यांना सांग, चेहरा पाहिजे तर आवाजासकट. चाचीला आडनाव द्या, भाकरी द्या, मी उद्या येते. नाहीतर त्या रडणाऱ्या बाईंनाच पडद्यावर पण उभं करा. त्यांची तरी ओळख होऊ दे लोकांना."

"व्हिडिओचं काय सांगू?"

"तो पोरांचा आहे. माझा आवाज मी काढून टाकायला सांगत नसते."

फोन ठेवल्यावर अंबिकाच आधी बोलली. "मॅडम, शेवटपर्यंत म्हणाला तो. इतकी वर्षं तुमच्या मनात होतं. एकदा आत शिरलात की मग भांडता येईल की."

"मी आत शिरलेच नव्हते साखर पेठ. माझं तोंड तेवढं शिरलं होतं." मग अम्मींकडे हात करून म्हणाल्या, "हिला रोज संध्याकाळी दुसरीच बाई ऐकवून मी काय करू?"

बहीण येऊन समजावून गेली. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, कॉलेजचं नाव होईल, विचार करा. नातेवाइकांतलं कुणीतरी म्हणालं, एवढा ताठा कशाला, आपल्यातलं कुणी दिसतंय हेच पुष्कळ नाही का? मॅडम त्यांना म्हणाल्या, "दिसतंय खरं. आता ऐकू पण येऊ दे." आणि विषय त्यांच्यापुरता संपला. पण मला माहीत आहे, त्या आठवड्यात त्यांनी रविवारची तालीम ठेवली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या वेळी गेले तेव्हा दुपारी आम्ही तिघी टीव्हीपुढे होतो. अम्मींनी मालिका सोडली नव्हती. मॅडमनी सोडायला सांगितलंही नव्हतं. नायिका चाळीतून सासरी निघाली होती. जिन्यावर उभं राहून, बंद दाराकडे बघत म्हणाली, "चाची तर त्यांच्या गावाला निघून गेल्या. आता मला कोण समजून घेणार?"

"कौनसे गाव कू?" अम्मींनी विचारलं.

"त्यांनी लिहिलं नसेल," मॅडम म्हणाल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारख्या, "माझा बाप इथला, त्याचा बाप इथला, दोघं एकाच कबरस्तानात. म्हणे गावाला गेली."

मी निघाले तशा त्या पिशवी घेऊन मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आल्या. रिक्षा येईपर्यंत भाजीच्या गाडीपाशी थांबल्या. गाडीवालीने त्यांना पाहिलं आणि तराजू खाली ठेवला.

"अवो मॅडम, तुमी गावाला गेलाय म्हनं की. आत्ताच टीव्हीत सांगितलं."

"कोण म्हणालं?"

"ती पोरगी म्हनली की. लई रडत व्हती."

"तिला म्हणावं, रोज संध्याकाळी इथंच असते मी. काम असलं तर यायचं." मॅडमनी कोथिंबिरीची जुडी उचलून झटकली. "ही कालची दिसते. ताजी काढ."

"कालची न्हाय वो, सकाळचीच हाय."

"सकाळची असती तर अशी मान टाकली नसती तिनं."

गाडीवालीने हसत हसत गोणपाटाखालून दुसरी जुडी काढून दिली. माझी रिक्षा आली. मी आत बसून मागे पाहिलं, तेव्हा मॅडमनी ती दुसरीही परत केली होती आणि तिसरी मागत होत्या.